कमी झाली की कमी करायचं

६ मार्च, सोमवार

मुंगे,

सात वेळा फोन केला. सातही वेळा भाऊजींनी उचलला आणि सातही वेळा तू अंघोळीला गेली होतीस. एवढी अंघोळ माणूस करत नाही, म्हैस करते. म्हणून लिहायला बसले आहे. चौथीनंतर पेन धरलं ते पगाराच्या सहीपुरतं, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

मी पडले त्याला आज चौदा दिवस झाले. माझी धाकटी जाऊ, जी सहा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या पोटात इन्सुलिनची सुई टोचत होती, तिने चौदा दिवसांत एकदा विचारलं नाही की जाऊबाई, हात कसा आहे. हात भाजला आहे. डावा, मनगटाच्या वर, चार बोटं. इस्त्रीच्या रुळात चादरीचं टोक घालता घालता दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं आणि मी चादरीबरोबर पुढे गेले. जोडीदारणीने दांडा ओढून रूळ थांबवला म्हणून हात शिल्लक आहे. नाहीतर धुलाईखान्यातून चादर आणि मी, दोघी घड्या होऊन बाहेर आलो असतो.

आणि हे कशाने? साखर उतरल्याने. दवाखान्यात नेलं तेव्हा बेचाळीस होती. वर्षानुवर्षं दोनशेच्या खाली न आलेली बया एकदम बेचाळीसवर कशी येते? चोवीस युनिट पोटात गेलं म्हणून येते. वॉर्डात मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले, कारण सगळे समोर होते. त्यावर तू आठवड्याच्या आत बोचकं बांधलंस आणि भाऊजींच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये जाऊन बसलीस. खऱ्या माणसाला पळायचं काय कारण?

ते जाऊ दे. कामाचं सांगते. साखरेची वही तू बरोबर नेलीस. ती मला हवी आहे. बुधवारी, पंधरा तारखेला, पाठीच्या डॉक्टरांकडे जायचं आहे आणि ते म्हणतात वहीशिवाय येऊ नका. साखर पुन्हा अशी उतरली तर मशीन बंद करून ठेवू, असंही म्हणालेत. मशीन बंद म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पाठीच्या कण्यात तार आणि कमरेत डबी बसवून दोन महिने झाले. पाच वर्षं पायाला चादरीचा स्पर्श सोसत नव्हता, माझा धंदा चादरींचा असून. मशीन लावलं आणि तिसऱ्या दिवशी मी अनवाणी फरशीवर उभी राहिले. तूच रडलीस तेव्हा. मी नाही.

पुन्हा आठ तास उभं राहता आलं नाही तर रूळ दुसरीच्या हातात जाईल. मुकादमिणीने महिनाअखेरपर्यंत जागा धरली आहे, तीही उपकार केल्यासारखी.

वही पाठव.

तुझी थोरली जाऊ

११ मार्च, शनिवार

मुंगे,

वही आली. नुसती वही. वरून रबर, आत एक अक्षर नाही. पार्सल फोडताना वाटलं, निदान एक शिवी तरी असेल. माणूस शिवी देतो तेव्हा बोलत तरी असतो.

शेवटचं पान बघितलं. वीस फेब्रुवारीच्या पुढे तू काहीतरी खरडलं आहेस. मला तुझं अक्षर लागत नाही. तू सातवी शिकलीस पण अक्षर मुंगीचंच, सासूबाईंनी नाव ठेवलं ते उगाच नाही.

सुई आता मीच घेते. सिरिंजवरच्या रेघा मला दिसत नाहीत हे तुला माहीत आहे. चष्मा लावला तर रेघा दिसतात पण हात दिसत नाही. शेजारणीला म्हटलं, तू दे. ती सुई बघून डोळे मिटते आणि डोळे मिटूनच टोचते. दोन दिवसांत माझ्या पोटाची चाळण केली. तिला चहा पाजून घरी पाठवलं. दवाखान्यातल्या सिस्टरने सध्या दहा सांगितलं आहे, तेवढं मी भिंगातून बघून भरते. बरोबर भरते की नाही ते देवाला माहीत आणि माझ्या पोटाला.

मंगळवारी सकाळी साखर एकाहत्तर निघाली. मी घाबरले. पडायचं तर इथे कोण आहे दांडा ओढायला? म्हणून मशीन बंद करून ठेवलं. म्हटलं बघू, दोन महिन्यांत पाय सुधारला असेल.

नाही सुधारला. दुपारपर्यंत बरा होता, मग तळव्यांना आग लागली. बुधवारी मी मोरीत पाय पाण्यात सोडून बसून होते. गुरुवारी दार वाजलं तर उठवेना, भिंतीला धरत गेले तोपर्यंत पोस्टमन पार्सल उंबऱ्यावर ठेवून गेला होता. तुझीच वही. मग लावलं परत मशीन. दहा मिनिटांत कळ गेली, पायाला मुंग्या आल्या. तुला तो विनोद आठवतो ना, मशीन लागलं त्या दिवशी मी म्हणाले होते, कळ गेली मुंग्या आल्या, आता घरात मुंग्याच मुंग्या. तेव्हा किती हसलो. आता मुंग्या आहेत, मुंगी नाही.

हे गोड बोलून बोलवायला लिहिलेलं नाही. मी फक्त काय झालं ते सांगते.

आणि एक. मी वॉर्डात खोटं बोललेले नाही. भाऊजींनी विचारलं, "वहिनी, सुई कोणी दिली?" मी म्हणाले, "रोज कोण देतं?" एवढंच. हा प्रश्न आहे. प्रश्न खोटा नसतो.

जाऊ

१६ मार्च, गुरुवार

मुंगे,

काल डॉक्टरांकडे जाऊन आले. दोन तास बाकावर. आत गेल्यावर त्यांनी वही उघडली आणि जानेवारीपासून बोट खाली खाली नेलं. मशीन लावायच्या आधी दोनशे दहा, एकशे नव्वद, दोनशे चाळीस. लावल्यावर पंधरा दिवसांनी एकशे ऐंशी, मग दीडशे, मग एकशे वीस, पंच्याण्णव, ऐंशी. प्रत्येक ओळीपुढे तुझ्या मुंगीच्या अक्षरात चोवीस, चोवीस, चोवीस.

डॉक्टर म्हणाले, "बाई, इन्सुलिन कमी का नाही केलंत? मी तुम्हाला सांगितलं होतं."

मी म्हणाले, "तुम्ही मशीन कमी करायला सांगितलंत. मी केलं."

"मशीन?"

"तुमचेच शब्द आहेत. कमी झाली की कमी करायचं."

"मी साखरेबद्दल बोलत होतो. साखर कमी झाली की इन्सुलिन कमी करायचं!"

"मग तोंडाने साखर म्हणायचं! मी तुमच्यासमोर पाय धरून बसले होते. मला वाटलं कळ. कळ कमी झाली की मशीन कमी करायचं."

सिस्टर तोंडावर हात धरून हसत होती. मीही हसले असते, पण मला त्याच वेळी समजलं की दीड महिना मी रोज सकाळी पाय जरा बरा वाटला की रिमोटवर सातावरचं मशीन चारावर आणत होते आणि तसाच दुखरा पाय घेऊन रुळापुढे उभी राहत होते. घरी येऊन परत सात. कोणी सांगितलं नव्हतं. फुकटची सोसली.

साखरही कमी झाली आणि कळही कमी झाली. इन्सुलिनही कमी करायचं आणि मशीनही कमी करायचं. त्या माणसाने एक शब्द गिळला आणि मी माझा शब्द तिथे बसवला.

मग त्यांनी समजावलं. दुखणं म्हणजे शरीराला संकट वाटतं. संकट आलं की शरीर साखर वर काढून ठेवतं, पळायला लागेल म्हणून. पाच वर्षं माझं शरीर पळायच्या तयारीत होतं म्हणे, आणि मी तर एका जागी उभी. कळ थांबली, झोप लागायला लागली, मी चालायला लागले, तशी साखर आपोआप उतरली. तीच सुई जास्त झाली. मी विचारलं, तार कण्यातच आहे तर ती सरळ साखरेला काही करते का? म्हणाले, करत असेल. काही जणांत साखर उतरलेली दिसते, काहींत काहीच फरक नाही, अभ्यास चालू आहे, नक्की माहीत नाही. दोन तास बाकावर बसले ते "माहीत नाही" ऐकायला. पण असं तोंडावर म्हणणारा डॉक्टर पहिल्यांदाच बघितला, म्हणून भांडले नाही.

मग त्यांचं बोट वीस फेब्रुवारीवर आलं. त्यांनी मोठ्याने वाचलं. "अडुसष्ट. दिलं नाही."

"हे काय? दिलं नाही? मग त्या दिवशी कोणी दिलं?"

मुंगे, मला तुझं अक्षर लागतं. सहा वर्षं लागत आलं आहे. वही आली त्याच दिवशी वाचलं होतं. पान फाडायचं मनात आलं होतं. फाडलं नाही, पण मनात आलं होतं हे खरं.

डॉक्टरांना म्हणाले, "मी घेतलं."

आता तुलाही लिहून देते, म्हणजे कागदावर राहील. वीस तारखेला सकाळी तू मीटर बघून म्हणालीस, "जाऊबाई, अडुसष्ट आहे. आज मी देत नाही. आधी काहीतरी खा." मी म्हणाले, डॉक्टरांनी मशीन कमी करायला सांगितलंय, सुई नाही. तू म्हणालीस, "नाही हो, त्यांना साखर म्हणायचं असणार." तू बरोबर होतीस. आणि मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. सातवी शिकली म्हणून डॉक्टरीण झालीस का? तू सिरिंज रिकामीच बशीत ठेवलीस आणि गल्लीतल्या मास्तरीणबाईंना रोजची सुई द्यायला निघून गेलीस. मी रागाने भरली. चोवीसची रेघ मला दिसत नव्हती. बोटाच्या पेराने अंदाज घेतला. तीस असेल, जास्तही असेल. बस चुकेल म्हणून बिस्किटसुद्धा खाल्लं नाही.

शुद्धीवर आले तर पलंगाभोवती सगळे, आणि भाऊजी विचारतायत सुई कोणी दिली. तेवढ्या जणांत मी कसं म्हणणार की मुंगी नको म्हणाली आणि मी म्हातारी हट्टाने टोचून घेतली? उचलली जीभ लावली टाळ्याला. भाऊजी तिथेच तुझ्यावर ओरडले आणि मी डोळे मिटून घेतले. थकले होते हे खरं, पण जागी होते.

डॉक्टरांचं म्हणणं असं. सुई हळूहळू ठरवून खाली आणायची. मशीन एकाच आकड्यावर ठेवायचं. तीन आठवडे दिवसातून चार वेळा साखर बघायची, लिहायची, आणि आकडा बघून किती द्यायचं ते डोळे धड असलेल्या माणसाने भरायचं. असं माणूस असेल तर मशीन चालू. नसेल तर तीस तारखेला मशीन बंद, साखर जागेवर येईपर्यंत. किती महिने, विचारलं. परत माहीत नाही.

बाकी तू समजून घे.

जाऊ

२१ मार्च, मंगळवार

मुंगे,

तुझं पत्र आलं. दोन ओळी. "डॉक्टरांना सांगितलंत हे बरं केलंत. गल्लीत कोणाकोणाला सांगितलंत?"

सासूबाई म्हणायच्या मुंगी चावते तेव्हा कळतं. कळलं.

मी पत्रात लिहिलं नव्हतं, पण तुला माहीतच आहे. घरी आल्यावर बघायला येईल त्याला मी सांगत होते की मुंगीचा हात आता जड झाला, भलतंच भरते. एकदा बोललं की पुढच्यालाही तेच सांगावं लागतं, नाहीतर पहिला म्हणतो काल वेगळं सांगत होतात. आठवड्यात तुझी सुईची तिन्ही घरं बंद झाली. मास्तरीणबाई, शिंप्याची आई, पोस्टातले काका. तिघांनाही तू माझ्याआधीपासून टोचत होतीस आणि एकाचीही साखर कधी भलतीकडे गेली नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोरानेच सुळी दिली.

तुझं पत्र दुपारी आलं. संध्याकाळी पाय घेऊन निघाले. मशीन सातावर.

मास्तरीणबाईंकडे आधी गेले, कारण त्यांची भीती जास्त. त्यांनी खुर्ची दिली. मी उभ्यानेच सांगितलं की सुई मुंगीने दिलीच नव्हती, तिने नाही म्हटलं होतं, मीच घेतली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे महिन्यानंतर सांगताय?"

"हो."

"मध्ये काय झालं होतं तुम्हाला?"

"लाज वाटत होती."

"आणि आता वाटत नाही?"

"आता जास्त वाटते. म्हणून उभी आहे."

त्या म्हणाल्या, बसा. बसले नाही. तुला निरोप दिला आहे, सकाळी साडेसातची वेळ तुझी आहे, कधीही ये. सध्या त्यांचा पुतण्या येऊन टोचतो आणि टोचताना फोनवर बोलतो.

शिंप्याच्या आईने निम्मं ऐकलंच नाही. म्हणाली, "ते कोण चुकलं कोण नाही मला सांगू नका. ही नवीन पोरगी सुई देते की खिळा ठोकते ते कळत नाही. आमची मुंगी पाठवून द्या." शिंपी मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "आमचीच चूक. एकदा तिला विचारायला हवं होतं." तिथे मला बरं वाटलं नाही. तो शहाणा निघाला याचं वाईट वाटलं.

पोस्टातल्या काकांकडे जायचं राहिलं. पाय थकला. उद्या-परवा.

जाऊ

२५ मार्च, शनिवार

मुंगे,

काल काकांकडे गेले. दार अर्धंच उघडलं. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तेव्हा तुम्ही खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"काय खात्री?"

माझ्याकडे खात्री नव्हती. वही दाखवली, तुझं "दिलं नाही" दाखवलं. ते म्हणाले, हे तर तिनेच लिहिलंय. दार लावून घेतलं. म्हणजे दोन घरं परत मिळाली, एक नाही. जे आहे ते सांगते. मी फाडलेलं सगळं मला शिवता येईल असं दिसत नाही.

भाऊजींना वेगळं पत्र लिहिलं नाही. तुला लिहिलेलं हे आणि सोळा तारखेचं, दोन्ही त्यांच्यासमोर मोठ्याने वाच. ते वॉर्डात तुझ्यावर ओरडले तेव्हा बावीस माणसं होती. क्वार्टरमध्ये निदान दोन शेजारी बोलावून वाच, तेवढं मी तुझं देणं लागते.

आता माझं. दहा दिवस झाले, तुझी तीच दोन ओळींची चिठ्ठी. तू येणार की नाही हे त्यात नाही. मी विचारलंही नव्हतं. "बाकी तू समजून घे" असं लिहिलं होतं. मागणं तोंडाने करायची मला सवय नाही, मला हुकूम करायची सवय आहे, आणि तू सहा वर्षं त्या हुकमाला धावत आलीस म्हणून मला वाटलं मागायची गरजच नसते.

तर विचारते. तीन आठवडे येशील का? चार वेळा साखर बघायची, लिहायची, सुई भरायची. तू अडुसष्टला नाही म्हणालीस की मी तुझं "नाही" ऐकीन. ओरडेन, ते बंद होणार नाही, पण सुईला हात लावणार नाही. पुढची खोली तुझी. मास्तरीणबाई आणि शिंप्याची आई सकाळी जवळच पडतील. तीन आठवड्यांनी तू परत गेलीस तरी मी अडवणार नाही.

आणि यायचं नसेल तर त्यालाही माझी हरकत नाही. असते, पण ती मी बोलून दाखवणार नाही. मशीन बंद होईल, रूळ जाईल, मी बसून करायचं काम बघीन. धुलाईखान्यात बटणं लावायला एक जागा आहे, बसून असते. आग काय, पाच वर्षं सोसली आहे. यातलं काहीही तुझ्या डोक्यावर टाकत नाही. मागच्या वेळी टाकलं ते पुरे झालं.

दवाखान्याने एक कागद दिला आहे. रुग्णाची सुई कोण बघणार, त्याचं नाव आणि नातं. नात्याच्या जागी मी "जाऊ" लिहिलं आहे. नाव लिहिलेलं नाही. तुला न विचारता तुझं नाव मी एकदा घेतलं आहे, परत घेणार नाही.

गुरुवारी सकाळी नऊला डॉक्टरांसमोर तो कागद ठेवायचा आहे. म्हणून बुधवारी, एकोणतीस तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत मला उत्तर पाहिजे. फोनवर चालेल, भाऊजींकडून नको, तुझ्या तोंडून. हो असेल तर हो म्हण. नाही असेल तर नाही म्हण, मी ऐकून फोन ठेवीन, कारण विचारणार नाही. पण अंघोळीला जाऊ नकोस. बुधवार. सहा.

जाऊ